लिहिता येत नाही

खापरपणजोबांचं नाव घेऊन पणजीला आलो,
सगुण गावस, आणि एक अंदाजे साल.
एवढंच.

'एवढंच?' असं आर्सेनियाबाई म्हणाल्या नाहीत.
गाव विचारला. कुळागर कुणाच्या शेजारी,
वाट कुठल्या ओहोळावरून.
मग दफ्तरखान्याच्या आतल्या खोलीत नाहीशा झाल्या.

बेतीची फेरीबोट तीनदा जाऊन आली.

वही आली ती कसरीनं जाळी केलेली.
उशीवर निजवून उघडली त्यांनी,
पोर्तुगीज ओळींवर बोट न टेकवता
वाचत गेल्या मराठीत, माझ्यासाठी:
'हजर, सगुण. माड सात.
लिहिता येत नाही.'

मी मान डोलावली. घरीही हेच सांगत.

त्या मात्र तिथंच अडल्या. दिवा तिरका केला.
समासात, मला शाईचा ओघळ वाटला तिथं,
लेखणी न उचलता वळत गेलेली एक रेघ.

'ही मोडी असावी. मला नाही येत.
मंगळवारी केंकरे येतात, त्यांना येते.'

आज शुक्रवार.
मळ्यात खोली घेतलीय, परतीचं तिकीट रद्द केलंय.
रात्री अंथरुणात पडून
हवेत बोट फिरवून बघतो,
न उचलता.