बेटाबेटानं

मोरिवाकी आला होता मशीन बसवायला,
उद्यमबागेत, अकरा दिवस.
जाताना ड्रॉइंग शीटच्या पाठीवर
पेन्सिलीनं सात बेटं काढून गेला.
मधे पूल, पूल नाही तिथं तुटक रेघ,
आणि हाताच्या सवयीनं एका किनाऱ्याला
अधिक-उणे शून्य पॉइंट शून्य दोन.
समुद्राला एवढीच सूट.

चार वर्षं तो कागद ईरण्णाच्या सायकल दुकानात
ट्यूबांच्या खोक्याखाली सपाट होत राहिला.
परवा त्यानं तो काढला, फुंकला, म्हणाला,
जाऊन येऊया की.

त्या समुद्राचं नाव सेतो.
मी सेतू ऐकलं, आणि दुरुस्त केलं नाही.

ईरण्णा बेटाला नडुगड्डे म्हणतो.
मला कानडीत आलूगड्डे तेवढं येतं,
म्हणून पहिल्यांदा समुद्रात बटाटे दिसले.
आणि माझ्या आजोळी, खानापुरापलीकडं,
बेट म्हणजे बांबूचं. आत साप, कडेला शेणी.
चौथीच्या भूगोलात आलं, चहूबाजूंनी पाणी,
खिडकीतून बघितलं तर खरंच होतं,
खाचरं भरलेली आणि मधे बेट उभं.
गुरुजींना मी काही विचारलं नाही.

मग हिशेब. एका रुपयाला दीड येन आणि वर थोडे.
जन्मात पहिल्यांदा आपलं नाणं जड,
चहा मागवेपर्यंत तरी.
सायकली तिथंच भाड्यानं; ईरण्णाला हे पटत नाही,
परक्या सीटवर बसणं म्हणजे
दुसऱ्याच्या चपला घालून लग्नाला जाणं.
तो स्वतःची सीट पिशवीतून नेणार आहे.
माझ्या साखरेच्या गोळ्या, त्याच्या गुडघ्याचा पट्टा,
आलेपाक दोन डबे, मोरिवाकी भेटला तर.

पासपोर्टच्या खिडकीत बाई म्हणाल्या,
यांचं जन्मगाव बेळगाव, यांचं बेळगावी,
एकच का गाव?
ईरण्णा म्हणाला, पंक्चर एकाच ठिकाणी काढतो, मॅडम.
बाईंनी शिक्का मारला. दोनदा.

शेवटच्या दोन बेटांत पूल नाही, तर आहे.
माझा चुलता कृष्णेवर तर हाकायचा, चिकोडीकडं,
तेव्हापासून हा शब्द मी नावेसाठी वापरला नव्हता,
नुसता जरच्या मागं लावत आलो:
जर बोनस झाला, जर गुडघा राहिला, जर पोरगीची फी.
आता कागदावर लिहिलंय,
तर, सकाळी सात वीस.

सराव एक नोव्हेंबरला. कारखाना बंद,
शहरात एका अंगाला लाल-पिवळे झेंडे,
दुसऱ्या अंगाला काळ्या फिती.
त्याच्या घरी त्यानं सांगितलं टायर बघायला जातोय,
माझ्या घरी मी सांगितलं तेच.
पहाटे पाचला तिसरं रेल्वे गेट,
मग जांबोटीचा रस्ता, कुत्री झोपलेली,
भात पिवळं, धुक्यानं पुलांची कामं अर्धवट ठेवलेली.

बांबूचं बेट आलं की उतरायचं, पाणी प्यायचं, मोजायचं.
पहिलं. दुसरं. तिसऱ्यात मुंग्या.
चौथ्यापाशी तो म्हणाला, तिकडं संत्री असतील,
आणि मी खिशातलं केळं अर्धं केलं.
पाचवं चुकलं, बोलता बोलता मागं गेलं.
सहाव्याला तो गुडघा धरून बसला,
सायकल मात्र त्यानं आडवी पडू दिली नाही.

सातवं समोर होतं. अर्धा किलोमीटर, चढ.
आम्ही बोललो नाही बराच वेळ.

दुधाचा टेम्पो आला. हात केला.
सायकली कॅनांच्या मधे उभ्या राहिल्या,
आम्ही फाळक्याला पाठ लावून,
आणि सातवं बेट बाजूनं निघून गेलं.
ड्रायव्हरनं आत बसूनच ओरडून सांगितलं,
सायकलींचे वेगळे वीस होतील हां.

ईरण्णानं कानामागची पेन्सिल काढली.
तिथंही वेगळेच घेतात, म्हणाला,
आणि लिहून ठेवलं.