टाके

अकरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाली होती,
दुधाच्या खोक्यापेक्षा जड काही उचलायचं नाही.
म्हणून गोथेनबर्गच्या या बाकावर
मी सगळ्यांची जाकिटं राखत बसलोय,
एकेक हातात जोखून घेतलेलं.

लाकडी रोलरकोस्टर चढणीवर कुरकुरतो.
पहिल्या डब्यात तूवा, शेजारी
कुणी अनोळखी आजोबा, टोपी दातांत धरलेले.
माझी जागा होती ती.

माथ्यावर गाडी क्षणभर थांबते
आणि इथं माझंच पोट खाली जातं,
टाक्यांसकट.

खोकला आला तर उशी दाबा, शिकवलं होतं.
हसू आलं तर काय, ते नाही.

तूवा उतरते, केस उभे, आजोबांचा हात न सोडता:
"पप्पा, हे तर रडले!"

मी तिचं जाकीट
पोटाशी घट्ट दाबतो.