खाल्ल्या मिठाला

दर तीन महिन्यांनी इश्बेल दंडाला पट्टा आवळते,
म्हणते, मूठ मिट.
बाहेर डंडी, जून महिना,
आणि माझ्या अंगात दोन स्वेटर.

गेल्या वेळचा टीएसएच चौदा.
थायरॉइड दमलंय म्हणे.
मला वाटत होतं, मीच आळशी झाले:
टाचांना भेगा, भुवयांची टोकं पुसलेली,
बाथरूमच्या जाळीत केसांचा गुंता,
फोनवर आई विचारते, कोण बोलतंय?

लिथियम म्हणजे एक मीठच, डॉक्टरांनी सांगितलं.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं शिकलेली मी;
या मिठाने तर मला झोपवलं.
त्याआधी नऊ रात्री टक्क जागी,
स्वयंपाकघर पिवळं रंगवत होते.
फ्रिजसकट.

बंद करून बघायचं का, त्यांनी विचारलं.
मला फ्रिज आठवला.
नको.

म्हणून आता पहाटे आणखी एक,
मुगाच्या डाळीएवढी गोळी, नुसत्या पाण्याबरोबर.
मग अर्धा तास चहा नाही.
किटली उकळून गप्प बसते,
खिडकीत ताय नदी नुसतीच राखाडी,
आणि मी नखाने
फ्रिजच्या कडेचा पिवळा ओघळ खरवडते.
रोज जरासा.
संपून जाऊ नये इतपतच.