मागचा आवाज

अकलूजच्या बाजारात सगळे कान बघत होते,
टोकाला टोक भिडणारे,
मान बघत होते, नाच बघत होते,
मोबाईल वर धरून.
दस्तगीरचाचा मात्र वाकून
खूर बघत हिंडला सकाळभर.
"वैजू, नाचणारं घोडं वरातीच्या पुढं.
ओढणारं येगळं.
त्याची छाती दारासारखी पाहिजे
आणि मन उंबऱ्यासारखं."

ती शेवटच्या रांगेत होती, चिंचेखाली.
काळपट तांबडी,
पाठीवर ताट मांडून जेवावं एवढी रुंद,
घोट्यांवर केसांचे झुबके, त्यात वाळका चिखल.
कुणी म्हणालं विलायती रक्त,
कुणी म्हणालं लष्करातनं काढलेली.
व्यापारी म्हणाला, "पंजाबची हाय. खाती लई, एवढंच."
चाचानं भोवरे मोजले, गोम शोधली, दात पाहिले,
मग पाठीमागं जाऊन टाळी वाजवली, फाडकन.
तिनं एक कान वळवला,
कामात असलेलं माणूस "हं" म्हणतं तसा.

रुमालाखाली बोटं बोलली.
आप्पांची रिक्षा
त्या बोटांत गेली.

कसबा बावड्यात पहिला महिना जुंपलंच नाही.
नुसता लांब कासरा, आणि मागं चालणारी मी,
पहाटे, उसाच्या गाड्या निघायच्या आत.
"चल" म्हटलं की थांबायची.
"हो" म्हटलं की चालू लागायची,
थेट पंचगंगेच्या पाण्यापर्यंत.
कुणाच्या तोंडची भाषा तिच्यात मुरली होती
कोण जाणे.
चाचा कट्ट्यावर बसून हसायचा:
"तिला मराठी नंतर शिकीव.
आधी तू थोडं इसर."

मग शिरोली नाक्यावरनं ट्रकचा टायर आणला,
साखळीनं जोतांना बांधला.
पहिल्या दिवशी ती घामानं पांढरी झाली,
झापडांच्या आत डोळे, आणि मागं
दिसत नाही असलं काहीतरी
खर्र, खर्र, पाठलाग करणारं.
आठव्या दिवशी चालली.
विसाव्या दिवशी टायरवर मी बसले, धूळ खात.
कुबेर हलगीवाला आला,
पन्नास पावलांवरनं वाजवली, मग तीसवरनं,
मग तिच्या नाकाशी;
दर ठेक्याला गुळाचा खडा.
शेवटी हलगी थांबली
की ती नाराज व्हायची.

बग्गी आली, चंदेरी, रबरी चाकांची.
जुंपली. दहा पावलं. थांबली.
मान वळवायला बघितली.
परत दहा. परत थांबली.
तंग सैल केला, गळपट्टा बदलला,
नालबंदानं चारी पाय उचलून पाहिले.
व्यापाऱ्याला शिव्या घालून झाल्या.
तिसऱ्या दिवशी शेजारचा पोरगा
पत्र्याचा तुकडा फरफटत रस्त्यानं गेला,
आणि ती निघाली की त्याच्या मागं,
बग्गीसकट, शांतपणे, बाजारला निघाल्यासारखी.

चाचा बराच वेळ काही बोलला नाही.
मग टायर आणायला सांगितला.
आम्ही त्याचा वीतभर तुकडा कापला.

मंगळवार पेठेतली पहिली वरात.
डॉल्बीनं दुकानांची शटरं थरथरत होती,
ती आपली दगडी पाटा चालावा तशी.
नवऱ्याचा मामा खाली वाकला,
"अवो बाई, मागं कायतरी घासतंय."
"घासू द्या," मी म्हणाले.
"चाकात अडकलंय."
"न्हाई. ते तिचं हाय."

मध्यरात्री रंकाळ्याच्या कडेनं परत.
झेंडूच्या माळा उतरवलेल्या, दिवे बंद,
चाचा मागच्या गादीवर झोपलेला,
नवरदेवाच्या जागेवर, तोंड उघडं.
पाण्यावर गार वारा, आणि खाली
खर्र, खर्र.
मी गुणगुणत होते काहीतरी, वरातीतलंच,
मध्येच थांबले.

तिची पावलं हळू झाली.
एक कान मागं वळला.

"हाय की," मी म्हणाले.
"कुठं जातोय मी?"