अर्धा धागा

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
माझ्या टेबलाच्या खणात पाच फोन.
सगळे चालू, एकालाही नंबर नाही.
एकाची काच उद्यमबागेतल्या फौंड्रीत तडकलेली,
एकाची किंमत मालक सांगत नाही.

चित्र मात्र पाचांनाही एकच हवं:
विणकर सोसायटीच्या ॲपसाठी धोटा.
चोवीस ठिपके रुंद, चोवीस उंच.
एवढ्याशा अंगणात
दोन्हीकडे टोकदार लाकूड, पोटात कांडी,
आणि बाहेर पडणारी सुताची शेपटी.

मोठ्या पडद्यावर तो देखणा होता.
दोन दिवस मी त्याच्या टोकांना धार लावली.
मग तडकलेल्या फोनवर पाहिला:
तांदळाचा दाणा. तोही भिजलेला.

वडगावला घेऊन गेले.
परसप्पा कामकर जेकार्डचे पत्ते ठोकतात,
बेचाळीस वर्षं. भोकं पाडलेले पुठ्ठे
आढ्यापासून लोंबतात,
त्यातून येणारं ऊनही मोजून येतं.

चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी फोन नाकाशी धरला.
"मासा काय गं हा?"
"धोटा."
"धोटा व्हय."
मग गप्प. पलीकडे माग खडखडत होते,
तेव्हा गप्प म्हणजे नुसते ओठ मिटलेले.

मी सांगितलं, रेघ एक ठिपका जाड आहे,
या फोनला दीडपट करावी लागते,
दीड ठिपका बसणार कुठे,
म्हणून कडेला करडा धूर येतो.

ते हसले.
"अर्धा धागा नसतो, पोरी.
एक घे, नाही तर दोन.
चाळीसच्या फणीतला मोर
साठच्या फणीत तसाच ओढलास तर बदक होतंय.
परत काढायचा. दर फणीला परत."

आणि चौकटींच्या कागदावर,
पेन्सिलीला थुंकी लावून,
कांडी गाळली, शेपटी गाळली,
टोकं एकेका घरानं बोथट केली,
पोटात एक घर मोकळं सोडलं:
"इथनं उजेड जाऊ दे."

वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाखवल्या.
"तीन बाणे? आणि ताणा कुठाय?"
दाबा, म्हटलं. दाबल्या.
मजुरी, सूत, मागण्या, सूचना
कडेनं सरकत आले.
"अस्सं. घडी आहे की ही. घडी म्हण."

शब्दांचं निराळं.
शिवलीला कन्नड पाठवते, मी मराठी बसवते.
तिचं 'उळिसि' बटणात अलगद मावतं,
माझं 'जतन करा' पाय बाहेर काढून झोपतं.
माझी 'सूचना' ऐसपैस,
तिचं 'अधिसूचनेगळु' घंटेला ढकलत
पडद्याच्या कडेपर्यंत.
तिच्या अक्षरांना खालून ओत्तु लटकतात,
माझ्यांच्या डोक्यावर मात्रा, अनुस्वार.
ओळीची उंची दोघींना विचारून ठरते.
लहान करायचं तर दोन्हीकडचं करतो,
एकाच मापानं. त्यावरून आजवर
एकदाच अबोला झाला, तोही जेवणापर्यंत.

त्या आठवड्यात धोटा पाचदा काढला.
चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस,
बहात्तरच्याला कांडी परत दिली,
शहाण्णवच्याला सुताची शेपटीसुद्धा.
सगळ्यात धाकट्याच्या पोटात
एका ठिपक्याचा उजेड.
तडकलेल्या काचेवर, चिरेच्या बाजूला,
आता तो धोटाच आहे.

परसप्पांच्या स्वतःच्या फोनला बटणं आहेत,
ॲप त्यांच्या सुनेकडे.
त्यांनी कागद तेवढा परत मागितला,
मागच्या बाजूला कुणाच्या तरी
पदराच्या काठाचा हिशेब होता.
मी फोटो काढून घेतला.

'जतन करा' अजून बाहेरच आहे.
सोमवारी बघू.