धुराड्याची झडप

बाबांची फिनिश सतराव्या वर्षीच थांबलेली.
गाडी भाड्यानं घेताना काउंटरवर
त्यांना 'विमा' हा शब्द आठवेना,
बर्फासाठी मात्र सहा शब्द येत होते.
मागे बॅगांवर बसून मी आणि ओजस फिदीफिदी हसलो.

कुह्मोला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा
आणि उजेड इतका, की आईनं गॉगल काढलाच नाही.

रायली दारात उभी होती. चौऱ्याऐंशीची.
"मातू!" ती ओरडली.
'मधुकर' त्यांच्या जिभेवर कधी बसलाच नाही,
आणि 'मातो' म्हणजे त्यांच्याकडे गांडूळ.
"भुंग्याचं गांडूळ केलं त्या लोकांनी,"
हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकलेला.
पण त्या हाकेसरशी ते ज्या चपळाईनं वळले
तसे आमच्या कुठल्याच हाकेला वळत नाहीत.

टेबलावर राईच्या पिठाच्या उघड्या करंज्या,
पोटात खिमट भात, वर लोणी आणि अंडं.
बाबांनी सात खाल्ल्या.
डॉक्टरांनी लोणी बंद केलंय, हे आई मराठीत म्हणाली,
रायलीनं ते न कळता आठवी वाढली.

मग कॉफी ओतता ओतता ती म्हणाली,
काउको गेला. मार्चमध्ये.
तळं अजून गोठलेलं होतं.
सावकाश म्हणाली, लहान मुलाला सांगावं तशी,
म्हणजे मातूला कळेल.

मातूला कळलं.
पण द्यायला शब्द नव्हता.
भूक लागली, पाय दुखतात, कुत्रा छान आहे,
आज शाळा नाही, मला अजून एक हवं:
एवढंच होतं त्यांच्या खिशात.
सांत्वनाचं वाक्य त्यांना कुणी शिकवलं नव्हतं,
त्या वर्षी त्या घरात कुणी मेलंच नव्हतं.
ते उठले, बाह्या सारल्या, म्हणाले,
"मी भांडी घासतो."
रायली म्हणाली, "हो, आज तुझीच पाळी आहे."
आणि पाठमोऱ्या बाबांकडे ती बघत बसली,
नळ बंद झाल्यावरही बराच वेळ.

दुसरं घर विकलेलं.
ज्या हिवाळ्यात बाबा तिथे होते
त्याच हिवाळ्यात नवरा-बायको वेगळे झाले,
बाबांना वाटायचं, आपण जास्त पाव खाल्ला म्हणून.
आता तिथे अलेप्पोचा एक न्हावी राहतो, नाझीम.
कुंपणाच्या दोन बाजूंना दोघांची सारखीच मोडकी फिनिश,
त्यामुळे गप्पा फार छान झाल्या.
निघताना त्यानं काचघरातले टोमॅटो दिले,
अजून अर्धे हिरवे.

तिसरं घर म्हणजे आता वृद्धाश्रमातली एक खोली.
ताइस्तो खिडकीशी. मुलगी त्याच्या कानात ओरडली:
भारतातला मुलगा आलाय!
त्यानं बाबांना बघितलं,
त्यांच्या टकलाला, माझ्या आईला, ओजसच्या हेडफोनला,
कशालाच दाद दिली नाही.
बाबांनी शाळेचं नाव सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं.
काही नाही.
आम्ही कोट चढवायला लागलो
आणि मागून अगदी रोजचा, किंचित वैतागलेला आवाज आला:
"झडप लावलीस का?"

बाबा दारात थिजले.
"लावली," ते म्हणाले.
ताइस्तोनं मान हलवली आणि डोळे मिटले.

परतीच्या रस्त्यावर पाऊण तास नुसती झाडं.
मग बाबा स्टिअरिंगशीच बोलल्यासारखे बोलले:
"उणे एकतीस होतं. शेकोटी विझल्यावर
धुराड्याची झडप लावायचं काम माझं. मी विसरलो.
रात्रभर सगळी ऊब वर निघून गेली.
सकाळी कुत्र्याच्या वाटीत बर्फ होता.
कुणी मला विचारलं नाही,
मी कुणाला सांगितलं नाही."

"मग आज 'लावली' का म्हणालास?" आईनं विचारलं.

बाबांनी एक वळण घेतलं, गिअर बदलला.
मागे टोमॅटो गडगडत दाराला लागले.
"आज लावली ना," ते म्हणाले.