कच्च्या रंगाची चिठ्ठी

क्लासच्या डोक्यावर एक ओळ.
सुरुवातीला @,
कांडीवर उरलेला सुताचा शेवटचा वेढा
असावा तसा.
पुढे कंसात, अवतरणांत:
डेटाबेस खोटा. घड्याळ खोटं, कायम सकाळचे नऊ.
मेसेज पाठवायचे, पण भिंतीला.

एवढं एक ॲनोटेशन विसरले मी
मागच्या गुरुवारी,
आणि रात्री पावणेतीनला
इचलकरंजीपासून गुलबर्ग्यापर्यंत
चारशे बारा टॉवेल-व्यापाऱ्यांचे फोन किणकिणले:
‘प्रिय टेस्ट टेस्ट, आपले शून्य डझन तयार आहेत.’
चाटी गल्लीतल्या एकानं उजाडताच विचारलं,
टेम्पो पाठवू का, की हातातच मावतील?

आज दुरुस्ती.
अक्कलकोट रोडची लाईट गेलेली,
माग गप्प, म्हणून नायना घरी.
उरलेल्या बॅटरीवर मी,
आणि माझ्या खांद्यामागे ते,
कानातला कापूस अजून तसाच.
चाळीस वर्षं जकार्डची कार्डं टोचली त्यांनी.
भोक असलं की सूत वर, नसलं की खाली;
पुरा विणून होईस्तोवर
मोर कुणाला दिसत नाही.

‘हे वरती काय?’
सेटिंग, मी म्हटलं. या टेस्टपुरतं.
खरी फाईल खाली तशीच आहे,
तिला हात लावला नाही;
फक्त ही ओळ असली की आधी हिचं ऐकायचं.

‘म्हणजे चिठ्ठी.’
मागाच्या चौकटीला ते लावायचे, खळीनं चिकटवून:
नमुना. रंग कच्चा. विकू नये.
‘आणि काढायची कधी?’
काढावी लागत नाही, नायना.
टेस्ट संपली की प्रोग्रॅम आपोआप विसरतो.

ते काही बोलले नाहीत.
पंखा बंद, बाहेर मे महिना,
पत्रा तडतडत होता.
मग हळूच, थोड्या हेव्यानं,
तोच शब्द पुन्हा:
आपोआप.

ब्याण्णव साली एक चिठ्ठी गळून पडली होती.
खळ पातळ झालेली, की उंदरांनी खाल्लेली,
यावर अजून दोन मतं आहेत.
रात्रपाळीच्या मुलाला वाटलं, खराच माल.
दोनशे चादरी,
पहिल्याच धुण्यात गुलाबी, मोरासकट.
मालकानं त्या पगारात वाटल्या.
आमच्याकडे अकरा आल्या.
मी त्यातल्या एकीत जन्मले,
एक अजून या खुर्चीवर घडी घालून आहे,
तिच्यावरच बसून मी हे लिहितेय.

रन केलं.
एकोणसत्तर टेस्ट, एकोणसत्तर हिरव्या ओळी.
भिंतीला चारशे बारा मेसेज गेले,
कुणाचीही झोप न मोडता.

‘हिरवा,’ मी म्हटलं, ‘म्हणजे बरोबर.’
नायनांनी अंगठा जिभेवर ओला केला
आणि स्क्रीनवरचा रंग
घासून पाहिला.